तिसऱ्या रिळातला ओबो

मिरजेच्या पार्श्वसंगीत मंडळात 'सांडव्यापलीकडे' या चित्रपटाच्या तिसऱ्या रिळावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या बांधावरूनसुद्धा होत नसतील.

मंडळ भरायचं रविवारी सकाळी, बंद पडलेल्या एका टॉकीजच्या वरच्या मजल्यावर. खाली विजेच्या गाड्या चार्ज करायचं केंद्र झालं होतं. वर जुनी प्रोजेक्टरची खोली आणि तिला लागून एक लांबट हॉल तेवढा उरला होता. जमणारी माणसं पंधरा-वीस. गाण्यांचे शौकीन गल्लोगल्ली सापडतात. ही माणसं वेगळी. दोन गाण्यांच्या मधे, कुणी दार उघडत असताना, कुणाची गाडी निघून जात असताना मागे जे संगीत वाजतं आणि ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, त्याच्यावर यांचा जीव. एकेका सुरावरून हमरीतुमरीवर यायची.

"तो सूर तुटतो ना, तिथं मला तेंडोलकर दिसतो," डिग्रजकर सर म्हणाले. सर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक आणि मोठ्या वाद्यवृंदाचे कट्टर भक्त. भार्गव तेंडोलकर हा त्या चित्रपटाचा संगीतकार त्यांचं दैवत. "उद्या धरणाचं पाणी येणार, घर बुडणार, तरी ती बाई घराला कुलूप लावते. एकटा ओबो वाजतोय, ती विलायती सनई. त्याचा शेवटचा सूर पुरा होण्याआधीच तुटतो, आणि मग सगळी व्हायोलिनं पाण्यासारखी आत शिरतात. पन्नास माणसं, एक श्वास! असं लिहिणारा पुन्हा झाला नाही."

"तुटणं छानच आहे, सर," रझिया मुजावर म्हणाली. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनतात. "पण नंतर तुमची ती व्हायोलिनं कशाला? बाईनं कुलूप लावलं. आता दोन क्षण आम्हाला गप्प बसू द्या की. रडायचं कधी, तेही तुम्हीच सांगणार?"

"अहो, गाव बुडतंय! गाव बुडायला वाद्यवृंदच लागतो."

"गाव नाही बुडत त्या क्षणी. एक बाई बुडते. तिला एक ओबो पुरतो."

हॉल हसला. करुणा रणभिसे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. साठीला टेकलेली बाई, स्टेशन रोडवर कान तपासायचा दवाखाना. चर्चमधली उपासना संपली की आईला घरी सोडून ती थेट इथं यायची. मंडळात ती बेताचंच बोलायची आणि या ओबोबद्दल तर कधीच नाही. तो ओबो तिच्या पप्पांनी वाजवला होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं, आणि इथंही तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक तिच्यासमोर जपून बोलले असते. आत्ता ते पप्पांवरून मनापासून भांडत होते. तिला ते हवं होतं.

त्या रविवारी सरांची एक जुनी विद्यार्थिनी आली होती. मधुरा चौगुले, पुण्यात ध्वनिशास्त्रावर संशोधन करणारी. तिनं टेबलावर चपटं यंत्र ठेवलं आणि तिसरं रीळ लावलं. आधी नेहमीसारखं, खरखरीसकट. मग तिनं एकेक करून व्हायोलिनं काढून घेतली. चेलो काढले. घंटा काढल्या. शेवटी हॉलमध्ये एकटा ओबो उरला, इतका जवळ की बोटं पडताना त्याच्या चाव्यांची टिकटिक ऐकू यावी. सूर सुरू होण्याआधी कुणीतरी ओठांवरून जीभ फिरवून श्वास घेतला.

करुणानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"जुन्या फिल्मवर सगळा आवाज एकाच रेषेत असतो," मधुरा सांगत होती. "शिजलेल्या खिचडीसारखा. त्यातून तांदूळ वेगळा, डाळ वेगळी करायची यंत्रं बरीच वर्षं आहेत, पण त्यांना फक्त चव कळायची. आमचं यंत्र आवाज शोधतच नाही, शरीर शोधतं. असा आवाज निघायला ओठ किती दाबलेले हवेत, हात केवढा हवा, छातीत हवा किती हवी, हे ते उलट्या बाजूनं मांडत जातं. ओबोचं तर फार गमतीचं आहे. सनईसारख्याच दोन पातळ पत्त्या, पण मधली फट एवढीशी की हवा जातच नाही फारशी. बासरीवाल्याचा दम हवा संपल्यामुळे जातो. ओबोवाला घुसमटतो ते हवा उरल्यामुळे. छाती भरलेली, पण आतली हवा वापरून शिळी झालेली. ती आधी बाहेर टाकायची, मग नवी घ्यायची. म्हणून ओबो नीट मांडायचा तर यंत्राला अख्खी फुप्फुसं मांडावी लागतात."

"आणि एकदा शरीर मांडलं की?" रझियानं विचारलं.

"की ते नवीन काहीही वाजवू शकतं. त्या माणसासारखं नाही, त्या माणसाच्या छातीनं. आम्ही त्याला प्रतिवादक म्हणतो."

सरांनी तिला बोलावलं होतं ते यासाठीच. 'सांडव्यापलीकडे'ला पन्नास वर्षं होत होती. सहाव्या रिळाची ध्वनिपट्टी केव्हाच सडून गेली होती. चित्र आणि तेंडोलकरांनी लिहिलेली स्वरलिपी तेवढी शाबूत होती. त्याच पन्नास वादकांकडून ते रीळ पुन्हा वाजवून घ्यायचं, असं मंडळाच्या मनात होतं. नव्या कायद्यानं मृत वादकाच्या वाजवण्यावर वारसांचा हक्क होता, आणि मधुरानं बहुतेकांच्या घरच्यांचे होकार मिळवले होते.

"अडलंय ते ओबोपाशी," ती म्हणाली. "सगळा वाद्यवृंद सूर लावतो तो ओबोवर. हा माणूस बदलला तर बाकीचे सगळे कणभर हलतात. आणि हा कोण ते कुणालाच माहीत नाही."

"शांतवन रणभिसे," करुणा म्हणाली. "माझे पप्पा."



"करुणाताई," डिग्रजकर सर म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही इथं बसताय!"

"तुम्ही त्यांना तेंडोलकर म्हणत होता, सर. मला चालत होतं."

*

करुणाची आई, रूथबाई, चौऱ्याऐंशीची होती. मिरजेतल्या एका रुग्णालयात जन्मभर नर्स म्हणून काम केलेली, कणखर, हिशेबी बोलणारी. गेल्या दोन वर्षांत मात्र ती मिटत गेली होती. आजार म्हणावा असा काही नव्हता. खुर्चीत बसायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची.

मधुरानं सही घ्यायला येताना डब्यासारखा एक स्पीकर आणला होता. त्यात शांतवनांचा प्रतिवादक होता. "हे तुमच्यासाठी, काकू. हवं तेव्हा ऐका."

करुणानं डबा आईसमोरच्या स्टुलावर ठेवला. जिभेनं पत्ती ओली केल्याचा बारीक आवाज आला. मग श्वास. मग एक लांबच लांब सूर, मुंगीच्या पावलानं चढत जाऊन तसाच उतरणारा. पप्पा रोज सकाळी हेच करायचे. करुणाला ते शाळेचं दप्तर भरतानाच्या आवाजांपैकी एक म्हणून आठवत होतं.

आई बराच वेळ डब्याकडे बघत राहिली.

"समोर नको," ती म्हणाली. "ते कधी माझ्यासमोर वाजवत नव्हते. आतल्या खोलीत ठेव. दार थोडं लोटून घे."

करुणानं तसं केलं. आईनं डोळे मिटले आणि मान हलवली.

त्या दिवसापासून घर बदललं. सकाळी आतल्या खोलीत रियाज सुरू व्हायचा आणि आई उठून केस विंचरायची. पंधरा दिवसांत ती ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापायला लागली. मधेच दाराकडे तोंड करून म्हणायची, "पुरे आता, गार होतंय." करुणाला पहिल्यांदा ते ऐकून काटा आला. मग तीही दुपारी जेवायला घरी यायला लागली. सूर दारातून यायचा आणि आत कुणी आहे की नाही हे कळायचं नाही. आत जाऊन बघायचा धीर तिला होत नसे. बघायचं काय, डबाच तर होता. तरी ती त्या दारावरून जाताना पाय न वाजवता जायची.

एका सकाळी आई भाजी चिरताना उपासनेतलं एक संथ गीत गुणगुणत होती. आतला रियाज थांबला. करुणाला वाटलं, बंद पडलं. तेवढ्यात ओबोनं तेच गीत उचललं. आधी चाचपडत, एक ओळ मागे राहून, मग आईच्या आवाजाला लागून. आईच्या हातातली सुरी थांबली, पण गुणगुणणं थांबलं नाही. दोघांनी ते गीत शेवटपर्यंत नेलं.

करुणानं घाबरून मधुराला फोन लावला.

"साहजिक आहे, ताई," मधुरा म्हणाली. "वाद्यवृंदातला माणूस आहे तो. शेजारच्याचं ऐकून त्याला धरून वाजवणं हा त्याच्या वाजवण्याचाच भाग आहे. डब्याला माइक आहे. तो काकूंना ऐकतो."

ती फोन ठेवून स्वयंपाकघरात आली तेव्हा आई पदरानं डोळे पुसत होती.

"हे गीत त्यांनी कधीच वाजवलं नाही," आई म्हणाली. "शेवटच्या वर्षी छातीत दम उरला नव्हता. तरी रोज आत जाऊन बसायचे, चाव्या दाबायचे नुसत्या. तुला कळू नये म्हणून मी बाहेर हे गीत म्हणत राहायची, मोठ्यानं. तुला वाटायचं, आईच्या आवाजात पप्पांचं ऐकू येत नाही."

 करुणाला ते गीत आठवत होतं. आईला गायची आवड, असंच ती आयुष्यभर समजत आली होती.

*

पावसाळा सरता सरता आतले सूर आखूड व्हायला लागले.

करुणाचा धंदाच कानाचा. आईच्या आधी तिला कळलं. सूर चढायचा तसाच चढायचा, पण उतरताना घाईनं उतरायचा. दोन सुरांमधला श्वास वाढला होता. मग एके दिवशी आतून खोकला आला, कोरडा, दाबलेला, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

पुढच्या रविवारी मधुरानं मंडळात पडद्यावर एक आलेख दाखवला. पप्पांच्या सात चित्रपटांमधून यंत्रानं मांडलेली छाती. पहिली पाच टिंबं एका उंचीवर, मग एक खाली, आणि 'सांडव्यापलीकडे' अगदी तळाला.

"यंत्राला त्यांचं वय कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "पण या सात टिंबांतून ते एक दिशा शिकलं. डबा रोज कालच्या दिवसापासून पुढे जातो, आणि पुढे म्हणजे या दिशेनं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

करुणा उठून पडद्याजवळ गेली. असे आलेख वाचण्यात तिचा जन्म गेला होता, कानांचे असले तरी.

"फुप्फुसं घट्ट होत जायचा आजार होता त्यांना," ती म्हणाली. "सर, तिसऱ्या रिळातला तो सूर तेंडोलकरांनी तोडलेला नाही. पप्पांनीही नाही. त्यांना तो पुरा करताच आला नाही."

डिग्रजकर सरांचा चेहरा उतरला. वर्षानुवर्षं त्यांनी त्या तुटण्यावर व्याख्यानं दिली होती.

"पण मग तोच टेक ठेवला कसा?" रझिया हळू आवाजात म्हणाली. "पुन्हा घेता आला असता की. दुसरा ओबोवाला मिळाला असता. तेंडोलकरांनी ऐकलं असणार ते, आणि ठेवलं."

"ठेवलं," सर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "ठेवलं खरं."

प्रश्न सहाव्या रिळाचा होता. मधुराला वय मागे नेता येत होतं. चाळिशीतले शांतवन, भरल्या छातीचे. मात्र मागे नेलं की मधले हे महिने पुसले जाणार होते. त्या प्रतिवादकाला आईचं गीत ठाऊक नसणार.

"मागे न्या," सर म्हणाले. "आजारी माणसाला पुन्हा आजारी पाडून त्याच्याकडून वाजवून घ्यायचं? माझ्यानं ऐकवणार नाही."

"सहावं रीळ तिसऱ्याच्या नंतरचं आहे, सर," रझिया म्हणाली. "त्या दिवशी ते जसे होते तसंच त्यांनी वाजवलं असतं. बरे करून घेतलेले शांतवन कोण? त्यांना मी ओळखत नाही."

हॉल दोन बाजूंना वाटला गेला. नेहमी असे वाद चालू असताना करुणाला मजा वाटायची. आज एकेक शब्द तिच्या अंगावर पडत होता.

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं एका वाक्यात निकाल दिला.

"मागे ने त्यांना."

"आई, ते गीत विसरतील."

"विसरू देत. करुणा, एकदा काढलंय मी हे आजारपण. रात्रंदिवस. पुन्हा नाही काढणार."

"तू काढलंस," करुणा म्हणाली.  "मला सोलापूरला पाठवलंस, मावशीकडे. परत आले तर भिंतीवर फोटो होता आणि ओबो कुणालातरी देऊन टाकलेला. मी बघितलेलंच नाही काही. मला यांच्याजवळ बसायचंय या वेळी."

"काय बसायचंय? माणूस घुसमटताना बघायचंय? अकरा वर्षांच्या पोरीला ते दाखवायचं होतं मी?"

"आता अकरा वर्षांची नाही ना मी!"

आतल्या खोलीत खोकला आला. दोघी गप्प झाल्या, भांडण ऐकलं गेल्यासारख्या.

*

करुणानं मधुराला दोन गोष्टी करायला सांगितल्या. मधुरानं घरचा डबा मागे नेला, चाळिशीवर आणून तिथंच थांबवून ठेवला. तो पुढे सरकणार नव्हता. पण त्याआधी करुणानं तिच्याकडून आहे तशी एक नक्कल काढून घेतली. आईला त्यातलं काही सांगितलं नाही.

नक्कल तिनं दवाखान्यात नेली. कान तपासायला तिच्याकडे एक ध्वनिरोधक खोली होती. जाड दार, भिंतींना फोम, बाहेरचं आत नाही आणि आतलं बाहेर नाही. दुपारी पेशंट संपले की ती त्या खोलीत जाऊन डबा मांडीजवळ ठेवून बसायची. घरी आई चाळिशीतल्या माणसाचे निवांत सूर ऐकत असायची, आणि इथं करुणा त्याच माणसाचे उरलेसुरले. कधी गीताच्या दोन ओळी, कधी एक. ती त्याच्याशी बोलायची. शाळेतलं सांगायची, लग्न मोडल्याचं सांगितलं, दवाखाना काढल्याचं सांगितलं. डबा शब्दांना उत्तर देत नसे. पण ती बोलायची थांबली की श्वास घ्यायचा, वाजवायच्या आधी घेतात तसा, आणि काहीतरी द्यायचा. एक सूर. अर्धा सूर.

डिसेंबरात मंडळानं सांगलीच्या नाट्यगृहात खेळ लावला. सहावं रीळ भरल्या छातीच्या शांतवनांनी वाजवलं. वारस म्हणून आईनं तशीच सही दिली होती. पडद्यावर पाणी चढत गेलं, कळस बुडाला, आणि ओबो पन्नास वाद्यांच्या वर एकसंध, न तुटता तरंगत राहिला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रझिया, जिला वाद्यवृंद कधीच आवडला नाही, ती रडत होती. "खोटं असेल," ती करुणाला म्हणाली, "पण मला हवं होतं हे." डिग्रजकर सर खुर्चीतच बसून होते.

"काय झालं, सर?"

"सगळं बरोबर होतं हो," सर म्हणाले. "पन्नासच्या पन्नास. पण कुणी दमतच नव्हतं." ते काठी टेकत उठले आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

नाताळानंतर दवाखान्यातल्या डब्यानं सूर सोडले. आता नुसता पत्ती ओली केल्याचा आवाज यायचा, मग श्वास, मग चाव्यांची टिकटिक. फुंकर नाही. करुणाला कळलं, हे शेवटचं वर्ष. आई म्हणाली होती तेच. ती जवळ सरकून बसली. आता केव्हाही, असं तिनं मनाशी धरलं.

ते झालं नाही. दिवस गेले, आठवडा गेला. श्वास आत यायचा, अडायचा, बारीक होऊन सुटायचा. पुन्हा यायचा. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, हा शेवटचा. दवाखाना बंद करून घरी निघताना तिला ठाऊक असायचं की त्या जाड दाराआड श्वास चालू आहे. घरी, चर्चमध्ये, पेशंटच्या कानात यंत्र बसवताना, ते तिच्या मानेमागे चालू असायचं. तिचं जेवण तुटलं.

शेवटी तिनं मधुराला विचारलं.

 मधुरा म्हणाली, "त्याला शेवट येत नाही, ताई. दिशा येते. शेवट कुठल्याच फिल्मवर ध्वनिमुद्रित झालेला नाही ना. ते तसंच चालत राहील."

"किती?"

"वीज आहे तोवर."

त्या संध्याकाळी करुणा आईसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आईनं तिला मधे तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "रिक्षा बोलव."

आई त्या खोलीत कधी आली नव्हती. करुणानं तिला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं, दार लावून घेतलं. बाहेरचा रस्ता एकदम नाहीसा झाला. खोलीत फक्त तो श्वास. आईनं मान कलती करून ऐकलं, रात्रपाळीच्या नर्सनं पडद्याआडून ऐकावं तसं. हात आपसूक पुढे गेला, नाडी बघायला. डब्यावर टेकला आणि मागे आला.

"मी होते त्यांच्याजवळ," आई म्हणाली. "पहाटे गेले. श्वास सुटला आणि नंतर आलाच नाही. चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, बरं वाटलं त्यांना. ह्याला ते मिळणार नाही कधी." ती करुणाकडे वळली. "तुला त्रास नको म्हणून सोलापूरला पाठवलं, असं मी लोकांना सांगायचे. खरं म्हणजे तुझा चेहरा बघून मला रडू आलं असतं, म्हणून पाठवलं तुला. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी."

करुणानं तिचा हात धरला. 

"बंद कुठून होतं?"

करुणानं डब्यामागचं बटण दाखवलं. आईनं हात लावला नाही.

"तू कर," ती म्हणाली. "तुझं राहिलंय."

श्वास आत आला. करुणानं तो सुटेपर्यंत वाट पाहिली, कारण भरलेल्या छातीवर तिला दाबवेना. मग दाबलं. तिला वाटलं होतं काहीतरी होईल. खोली होती तशीच राहिली. बऱ्याच वेळानं तिला स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू आलं आणि ती हमसून रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घाई केली नाही.

घरी आल्या तेव्हा दिवेलागण होत होती. आतल्या खोलीत रियाज चालू होता. चाळिशीतला धडधाकट माणूस, आपल्या मुलीहून किती तरी लहान, लांबच लांब सूर लावत बसला होता. आई चपला न काढता दारात उभी राहून ऐकत राहिली.

"हा मात्र राहू दे," ती म्हणाली.

"कुठवर, आई?"

"मी आहे तोवर."

"आणि मग?"

आईनं वाकून एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही भिंतीला सरळ लावून ठेवल्या.

"मग काय," ती म्हणाली. "आता जमतं की तुला."